शैक्षणिक पात्रता

कंटेनरच्या ऑफिसात माझं टेबल, टेबलावर हजेरीवही,
वहीवर कायम एक बारीक धूळ,
शिंदखेड्याची. पुसली तरी परत येऊन बसते,
पगार बाकी असल्यासारखी.

पहिल्या वर्षी या वहीला पानं पुरत नव्हती.
चारशे बारा नावं.
खड्डे, खांब, पुन्हा खड्डे.
विरदेल, चिमठाण्याकडून टेम्पो भरून यायचे,
जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले
की कळण्याच्या भाकरीचा वास
परदेशी खोक्यांवर जाऊन टेकायचा.
"भाऊ, मन्हं नाव शे का यादीमा?"
शे, म्हणायचो.
तेव्हा सगळ्यांचंच होतं.

मग शेवटचा नट आवळला गेला.
कुंपण झालं, फाटक झालं, फाटकाला कुलूप,
आणि कुलपाच्या आतली माणसं मोजली तर एकोणीस.
त्यातले सहा पहारेकरी.
आठ बाया काच धुणाऱ्या, रात्रपाळीच्या,
कारण दिवसा काच इतकी तापते
की गार पाणी पडलं तर तडकायची भीती.
उन्हाचा कारखाना, आणि बायांनी
ऊन बघायचं नाही.

मला वाटलं, आता आपलंही काम संपलं.
तर पुण्याहून मेल:
तंत्रज्ञ पाहिजेत, चार.
आयटीआय, दोन वर्षांचा अनुभव, तातडीने.
त्या 'तातडीने'ला आता सात महिने झाले.

आला एक, दीपेश बेडसे.
प्रमाणपत्र कडक, प्लास्टिकमध्ये घातलेलं.
"पॅनल हाताळलंय?"
"एक होतं सर, आयटीआयमध्ये. कपाटावर.
त्यावर गॅदरिंगचे झेंडे ठेवायचे."
घेतला.
चार महिन्यांत शिकला, आणि इतका चांगला शिकला
की जैसलमेरच्या कंपनीनं दीडपट देऊन उचलला.
त्याच्यानंतरचा भुजला गेला.
त्याच्यानंतरचा मुलाखतीलाच म्हणाला,
सर, इथून पुढे कुठे जाता येतं?

आणि ही कोकिळा मालचे.
धुणाऱ्या बायांत सगळ्यात बुटकी.
चारशे बारांत पहिल्याच पानावर हिचं नाव.
खांब उभे राहत होते तेव्हा ओळंबा हिच्या हातात,
इंजिनिअर यंत्र लावून बघायचा
आणि शेवटी हिच्याकडे बघायचा.
शाळा आठवीपर्यंत.
अनुभवाचा दाखला मागायला गेली,
तर ज्या ठेकेदारानं ठेवलं होतं तो कुठे आहे
हे त्याच्या बँकेलाही माहीत नाही.

परवा संध्याकाळी रांगा आडव्या व्हायला लागल्या,
दिवसभर सूर्यामागे मान वळवून झाल्यावर होतात तशा.
मी वही मिटत होतो.
ती पाइप सोडवता सोडवता थांबली.
"सदतीसनी रांग कण्ही राह्यनी, भाऊ.
तिन्हं ग्रीस सरनं."
मला काही ऐकू आलं नाही.
स्क्रीनवर सगळं हिरवं.

सकाळी छत्तीस उठली, अडतीस उठली,
सदतीस निजलेलीच.
स्क्रीन लाल झाली अकरा वाजता.
तोवर कोकिळा घरी जाऊन झोपली होती.

मी फॉर्म भरला.
नाव. गाव. वय: अंदाजे चौतीस.
अनुभव: पहिल्या खांबापासून.
शैक्षणिक पात्रता,
इथे पेन थोडा वेळ थांबलं,
मग लिहिलं: कान.

बुधवारी पुण्याहून उत्तर.
कागद अस्पष्ट आहे, पुन्हा स्कॅन करून पाठवा.
मी वही झटकली, फॉर्म झटकला,
मशिनच्या काचेवर धुळीचा थर होताच.
पाळीवर आली तेव्हा तिलाच हाक मारली.
तिनं वाकून काचेवर हाऽ केलं,
पदरानं पुसली, तिरकी होऊन उजेडात तपासली,
आणि विचारलं,
"यान्हा पगार येगळा शे का?"